आबाळ झालेली मुलं आणि तीन वर्षांचे प्रकल्प

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी मी मोठ्याने हजेरी घ्यायचं टाळायचे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, पहिली ते पाचवीची जिल्हा परिषदेची शाळा आणि आम्ही दोन शिक्षक. कोणती मुलं आईवडलांबरोबर उसाच्या फडावर गेली आणि कोणती आजीपाशी मागे राहिली, ते त्या दिवशी कळायचं. मागे राहिलेल्यांसमोर गेलेल्यांची नावं एकामागून एक वाचायची आणि प्रत्येक नावानंतर थांबायचं, हे मला जमत नसे. मी नुसती डोकी मोजायचे.

अशाच मागे राहिलेल्यांत दुसरीतली एक मुलगी होती. आईबाप, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबातला एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कारखान्यावर गेलेले. धाकटा भाऊ अंगावर पिणारा, म्हणून तो आईबरोबर. ही आजीजवळ. शाळा सुटली तरी ती घरी जात नसे. फाटकाची कडी वाजवत उभी राहायची. मी कुलूप लावून निघाले की एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्या बाजूने चालायची. बोलायची काहीच नाही. गाडी आली की माघारी वळायची. मुलीला शाळेची गोडी आहे, असं मी केंद्रप्रमुखांना कौतुकाने सांगत असे. तिला कोणाच्या तरी सोबत चालायचं होतं, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

पुढच्या वर्षी शहरातल्या एका संस्थेचा प्रकल्प शाळेत आला. एक ताई आणि एक दादा, मंगळवारी आणि शुक्रवारी. मुलांना गोल बसवून गोष्टी, हातबाहुल्या, चित्रं. भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लावलेला: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. आल्या आल्या प्रत्येकाने आपल्या मनासारख्या चेहऱ्याखाली खडा ठेवायचा. काम मनापासून होतं आणि चांगलंही होतं, हे मी आजही म्हणेन. ती मुलगी पहिले काही महिने खडा मुठीतच धरून बसायची. दुसऱ्या वर्षी ती खडा ठेवायला लागली. तिसऱ्या वर्षी, पाचवीत असताना, ताईला आपणहून सांगायला लागली की रात्री आजीला खोकला आला की तिला झोप लागत नाही, आजी मेली तर आपण कोणाकडे जायचं हा विचार येतो. मार्चमध्ये समारोपाचा कार्यक्रम झाला, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. जूनमध्ये कोणी आलं नाही. निधीची मुदत संपली होती.

मुलं विचारतील तेव्हा काय सांगायचं, याची मी तयारी करून ठेवली होती. एकाही मुलाने विचारलं नाही. माणसं जातात, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्या न विचारण्याने माझं मत बनलं आणि निवृत्तीनंतर ते आणखी पक्कं झालं. आबाळ झालेल्या मुलांच्या मनासाठी शाळेत काम करायला येणाऱ्या संस्थेने पहिला विचार करावा तो आपण किती वर्षं थांबणार याचा. उपक्रम कोणता, बाहुल्यांचा की चित्रांचा, हा नंतरचा भाग. ज्या मुलाचं दुखणंच मुळी जवळची माणसं निघून जाण्याचं आहे, त्याच्याशी माया जोडून मुदत संपली म्हणून उठून जाणं हे त्याच दुखण्यावर पुन्हा बोट ठेवण्यासारखं आहे. हेतू कितीही निर्मळ असला तरी मुलाच्या पदरात तेच पडतं.

'दुर्लक्षित' हा शब्दही आपण सांभाळून वापरायला हवा. कोणी दुर्लक्ष केलं, असं विचारलं की बोट लगेच आईबापाकडे जातं. आपल्या कायद्यानेही एके काळी हेच केलं. १९८६च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलाला 'दुर्लक्षित' असंच म्हटलं होतं. २०००च्या कायद्याने तो शब्द काढला आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' असं म्हटलं. २०१५च्या कायद्यानेही तेच शब्द ठेवले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. जुना शब्द घरावर ठपका ठेवून मोकळा होत होता. नव्या शब्दांनी मुलाची गरज पुढे आणली आणि ती भागवायची जबाबदारी इतरांवरही येते, हे मान्य केलं.

पहाटे तीनला उठून थंडीत ऊस तोडणारी, दिवसभर मोळ्या वाहणारी, रात्री कोपीत, म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपडीत, चूल पेटवणारी आई मुलाची हेळसांड करते, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलीला मागे ठेवायचं कारणच तिची शाळा बुडू नये, तिच्या हातात कोयता येऊ नये हे असतं. पण मुलीच्या बाजूने पाहिलं तर आई सहा महिने नाही, भाऊ मात्र आईजवळ आहे आणि कारण कोणीही समजावून सांगितलेलं नाही. आईची चूक नसतानाही मुलीची आबाळ होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि हे ज्याला धरून ठेवता येतं त्यानेच अशा मुलांमध्ये काम करावं. नाहीतर मुलाला धीर देता देता त्याच्या आईला नावं ठेवली जातात, आणि ते मुलाला सहन होत नाही.

ही गोष्ट एका जिल्ह्यापुरती किंवा गरिबीपुरतीही नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केलेला होता. दर दोन मुलांमागे एकाने आपला भावनिक छळ होत असल्याचं सांगितलं. घरात आपल्याकडे लक्ष दिलं जात नाही, असं सांगणाऱ्या मुलींचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. त्या सगळ्या काही ऊसतोड कामगारांच्या मुली नव्हत्या. पंख्याखाली, भरल्या ताटावर बसूनही एकटं असलेलं मूल मी तालुक्याच्या गावी पाहिलं आहे.

मग शाळाच का? कारण खेड्यातल्या मुलाला रोज, ठरल्या वेळी, फी न भरता आणि कारण न सांगता जाता येईल अशी दुसरी जागा नाही. समुपदेशन केंद्रात मुलाला कोणीतरी न्यावं लागतं. ज्याला न्यायला कोणी नाही त्याच्यासाठी ते केंद्र नसल्यातच जमा. शाळेत मूल स्वतःच्या पायांनी येतं.

हे आपल्याकडच्या चांगल्या कामांनी फार आधी ओळखलं होतं, आणि जे मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही त्याच्याकडे शाळाच नेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांमध्ये गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. मुलं अंगणात होती म्हणून अंगणवाडी. मुलं गुरांमागे रानात होती म्हणून कुरणशाळा. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं हाही तिथल्या शिक्षणाचाच भाग होता. ज्या मुलाचे केस महिनोन्‌महिने कोणी हातात घेतलेले नाहीत, त्याच्यासाठी ती फणी म्हणजे काय असेल, याचा विचार केला की भावनिक आधार वगैरे जड शब्द मला नकोसे होतात. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ मध्ये, म्हणजे बोर्डीला आल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी. तोवर त्या त्याच कामात होत्या.

मुंबईत १९८८ साली डोअर स्टेप स्कूल सुरू झालं. पदपथावरच्या, वस्तीतल्या, पुढे बांधकामांवरच्या मुलांपर्यंत ते वर्ग घेऊन गेलं, बसगाडीतही वर्ग भरवले. त्याच वर्षी प्रेरणा या संस्थेने कामाठीपुऱ्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर उघडलं. आई कामावर असते ती वेळ रात्रीची, म्हणून पाळणाघरही रात्रीचं. मुलाच्या दिवसात नेमकी कोणती घटका रिकामी आहे ते पाहून तिथे उभं राहायचं, हे शहाणपण मला त्यात दिसतं. आणि दोन्ही संस्थांना आता साडेतीन दशकांहून जास्त काळ लोटला आहे. आज कुठल्याही शाळेत पाऊल ठेवणाऱ्या तरुण संस्थेला मी म्हणेन, या कामांतून पद्धती जरूर शिका, पण त्याआधी हा टिकाव शिका.

यावर नेहमी एक उत्तर येतं, की शिक्षक तर कायमचे असतात, त्यांनाच प्रशिक्षण द्या. मी आयुष्यभर शिक्षक होते, तरी हे उत्तर मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता दोघांत. त्यात पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं आणि दर काही वर्षांनी बदली. पण वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. ज्या हाताने मी गृहपाठाच्या वहीवर लाल शेरा मारते, त्याच हाताशी मुलाने आपलं गुपित द्यावं ही अपेक्षा जड आहे. काही शिक्षकांना ते साधतं, आणि अशा शिक्षकांना मी मनोमन नमस्कार करते. पण ज्याचं साधणं त्या त्या माणसावर अवलंबून आहे, त्यावर हजारो शाळांची व्यवस्था उभारता येत नाही.

हे केवळ माझं मत नाही. गोव्यातल्या संगात या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सेहेर नावाचा प्रयोग केला. चौऱ्याहत्तर सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट. एका गटात शाळेतल्याच शिक्षकाला प्रशिक्षण देऊन काम सोपवलं. दुसऱ्या गटात त्यासाठीच नेमलेली व्यक्ती होती. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, साधी, पण शिकवून तयार केलेली आणि सतत मार्गदर्शन मिळणारी. तिसऱ्या गटात हे जादा काम नव्हतं. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेमलेली व्यक्ती होती त्या शाळांतलं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य, दमदाटी, मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र असा फरक दिसला नाही. ते वाचताना मला शिक्षकांचा पराभव झाल्यासारखं वाटलं नाही. उलट, इतकी वर्षं मनात घेऊन फिरत असलेल्या अपराधाचं ओझं थोडं उतरलं.

तेव्हा शाळेत शिक्षकाशिवाय आणखी एक मोठं माणूस हवं. परीक्षा न घेणारं, बदली न होणारं, मुलांच्या बोलीत बोलणारं. ते शहरातूनच यायला हवं असं नाही. सेहेरचा धडाच तो आहे, की पदवीपेक्षा तयारी, देखरेख आणि रोजची हजेरी मोलाची ठरते. आमच्या शाळेत असं एक माणूस होतंच: खिचडी शिजवणाऱ्या मावशी. माझ्या देखत चार शिक्षक आले आणि गेले, मावशी तिथेच होत्या. कोणत्या घराला आज कुलूप आहे, कोणाचा बाप दारू पिऊन पडला आहे, कोणतं पोर सकाळपासून उपाशी आहे, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. बोलता बोलता त्या एखाद्या ताटात जास्तीचा डाव वाढत. या जाणतेपणाला महिन्याला अडीच हजार रुपयांच्या आसपास मानधन मिळतं, तेही वेळेवर नाही. गावातली अशी एखादी बाई, बारावी झालेली सून किंवा एकटीने संसार ओढणारी विधवा, निवडून तिला नीट तयार केलं, तिच्या मागे जाणकार माणूस उभं केलं आणि तिला जगता येईल इतकं मानधन दिलं, तर ती पंधरा-वीस वर्षं त्या शाळेत राहील. कारण तिचं घर तिथेच आहे.

अर्थात गावचं माणूस म्हटलं की गावचे दोषही येतात. जात येते, भावकी येते, ऐकलेलं विहिरीवर जाऊन सांगण्याची सवय येते. एखाद्या घरातला छळ उघड करायची वेळ आली तर गावात राहणाऱ्या बाईवर दडपण येणारच. संस्थेची खरी गरज इथे आहे. निवड कशी करायची, मुलाने विश्वासाने सांगितलेलं पोटात कसं ठेवायचं, कधी ठेवायचं नाही, हे शिकवायला संस्था हवी. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे; त्या क्षणी त्या बाईच्या पाठीशी बाहेरचं कोणीतरी ठाम उभं असलं पाहिजे. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर रंगवलेला असतो, पण तो फिरवण्याचं बळ माणसाला माणूसच देतं.

आता पैशाकडे. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमामुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यातून शाळांमध्ये बरंच काही आलं, ते नाकारण्याचं कारण नाही. पण नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा, असं धरलं आहे. हिशेबाच्या वहीसाठी ती मुदत योग्य असेल. आठ वर्षांच्या मुलाच्या मनाचं काम त्यात बसत नाही. मुदत संपल्यावर त्याच शाळेसाठी नवा प्रस्ताव मंजूर करण्यापासून कंपनीला कोणी रोखलेलं नाही. पण नवा तालुका, नवा आकडा, नवी छायाचित्रं यांची ओढ अशी असते की जुन्या शाळेकडे परतून येणारा देणगीदार विरळा. दप्तरं मोजता येतात, टॅब मोजता येतात. एक मुलगी आता रात्री झोपते, हे अहवालाच्या कोणत्या रकान्यात भरायचं?

वाटपाच्या कार्यक्रमांविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. मुलांना उन्हात रांगेत उभं करून, एकेकाच्या हातात दप्तर देताना फोटो काढणं थांबलं पाहिजे. ज्या मुलाला आपण कोणाला हवे आहोत की नाही याचीच शंका आहे, त्याला सर्वांदेखत घेणाऱ्याच्या जागी उभं करणं क्रूर आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई केली आहे. तरीही देणगी मागण्यासाठी मुलाचा चेहरा आणि त्याच्या घरची कहाणी सर्रास वापरली जाते. त्या मुलाने मोठेपणी आपला रडवेला फोटो पाहिला तर काय वाटेल, हे फोटो टाकण्याआधी एकदा मनाशी विचारावं.

हे सगळं सरकारचं काम आहे, संस्था मध्ये आल्यामुळे सरकारला हात झटकता येतात, असा एक आक्षेप आहे. तो मला बराचसा मान्य आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. पाऊल मोठं आहे. पण आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच सुमारे पंधरा हजार आहेत. लहान शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा झाली तेव्हा, २०२३ मध्ये, हा आकडा सर्वांसमोर आला. आबाळ झालेली मुलं जिथे जास्त आहेत, त्या वाड्या-वस्त्या-तांडे नेमके या सूचनेच्या दुसऱ्या, सैल भागात येतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या तज्ज्ञाशी कागदावर जोडलेली वस्तीशाळा म्हणजे मुलाच्या दृष्टीने कोणाशीच न जोडलेली शाळा. इथे केंद्रशाळेच्या पातळीवर, आठ-दहा शाळा मिळून, गावांतल्या सोबतीणींचा गट आणि त्यांच्यावर एक जाणकार अशी रचना शासनाने स्वतःच्या खर्चाने करावी. संस्थांनी ती उभी करून दाखवावी, पाच-सात वर्षं चालवावी, आणि शासनाने माणसांसकट ताब्यात घेतल्याशिवाय हलू नये. काम सुपूर्द करणं वेगळं आणि टाकून जाणं वेगळं, आणि तो फरक मुलाला बरोबर कळतो.

पोटाला अन्न नाही तिथे मनाचे लाड कशाला, असंही काही जण म्हणतात. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, गावोगावी हंगामी वसतिगृहं त्याआधीपासून आहेत. तिथलं ताट भरलेलं असावं, यासाठी मी स्वतः भांडले आहे. पण वसतिगृहात संध्याकाळी साडेसहानंतर काय होतं, ते पाहायला या. जेवण झालेलं असतं, अभ्यास झालेला असतो, आणि दिवेलागणीला चाळीस मुलं एकदम गप्प होतात. त्या वेळेला कोणाचाही निधी नसतो.

मी ज्या वसतिगृहात आता आठवड्यातून दोनदा जाते, तिथे गेल्या हंगामापासून एक गोष्ट सुरू केली आहे. गावातलीच एक मुलगी, स्वतः लहानपणी फडावर वाढलेली, संध्याकाळी तिथे असते. तिच्याकडे एक वही आहे. वहीत प्रत्येक मुलाच्या आईबापाचा टोळीतला फोन क्रमांक आणि आठवड्यातला एक ठरलेला वार. त्या वारी, फडावरची माणसं कोपीवर परतल्यावर, ती फोन लावून देते. कधी लागत नाही, कधी मुकादम उचलतो, कधी दोन्हीकडून कोणीच काही बोलत नाही. फोन लागला नाही तर ती मुलाजवळ बसून राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते. तिच्या मानधनाची सोय आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी मिळून केली आहे. यंदाच्या दसऱ्याला टोळ्या निघतील तेव्हा ती तिथेच असणार आहे, पुढच्या वर्षीही. मुलांना आम्ही तसं सांगितलं आहे.